अश्वशर्यतींवरील स्प्रेड बेटिंग : फरकाचा व्यवहार आणि पैजेच्या ऋणाचा इतिहास

प्रस्तावना

ब्रिटनमधील अश्वशर्यतींचा इतिहास हा केवळ घोड्यांचा, जॉकींचा आणि उमराव घराण्यांचा इतिहास नाही. तो पैजेचा आणि पैजेतून निर्माण होणाऱ्या ऋणाचाही इतिहास आहे. शर्यतीवर लावलेली पैज हरल्यानंतर हरणाऱ्याने द्यावयाची रक्कम हे कायद्याच्या दृष्टीने 'कर्ज' मानावे की नाही, हा प्रश्न इंग्लंडच्या संसदेला आणि न्यायालयांना तीन शतके भेडसावत राहिला. १८४५ मध्ये या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे देण्यात आले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे पैजेचे ऋण हे न्यायालयाबाहेरचे, केवळ शब्दाला जागण्याचे ऋण राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'स्प्रेड बेटिंग' या नव्या प्रकाराने या स्थितीला छेद दिला.

स्प्रेड बेटिंगची चर्चा बहुधा तिच्या गणिती अंगाने होते. भाव कसे ठरतात, नफा किती होतो, तोटा किती होतो, यावर भर दिला जातो. परंतु या प्रकाराचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या गणितात जितके आहे, त्याहून अधिक त्याच्या कायदेशीर स्थानात आहे. पारंपरिक पैजेत हरणाऱ्याला दोन प्रकारचे संरक्षण होते. एक, त्याचा तोटा डावावर लावलेल्या रकमेपुरता मर्यादित असे. दोन, उधारीवर लावलेली पैज तो हरला तरी त्याच्यावर दावा दाखल होऊ शकत नसे. स्प्रेड बेटिंगमध्ये ही दोन्ही संरक्षणे एकाच वेळी नाहीशी झाली. हे स्थित्यंतर कसे घडले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईच्या बाजारपेठेशी जोडलेला असल्याने त्याचाही विचार येथे केला आहे.

१. पारंपरिक पैज आणि १८४५ चा कायदा

इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार पैजेचा करार हा मुळात अवैध नव्हता. जिंकणारा मनुष्य न्यायालयात जाऊन आपली रक्कम मागू शकत असे. या मुभेमुळे न्यायाधीशांसमोर कित्येकदा चमत्कारिक दावे येत. १७७८ मधील 'दा कोस्टा विरुद्ध जोन्स' या प्रसिद्ध खटल्यात शव्हालिए देऑन ही व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, यावर लावलेल्या पैजेचा निवाडा मागण्यात आला होता. त्रयस्थ व्यक्तीच्या अब्रूला धक्का देणारी पैज न्यायालय मान्य करणार नाही, अशी भूमिका लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी घेतली. अशा अपवादांखेरीज सर्वसाधारण पैज मात्र कायद्याने वसूल करता येत होती.

संसदेने या मुभेवर टप्प्याटप्प्याने बंधने घातली. १६६४ च्या कायद्याने उधारीवर हरलेल्या १०० पौंडांहून अधिक रकमेची वसुली रोखली. १७१० मधील राणी ॲनच्या कारकिर्दीतील कायद्याने जुगाराच्या कर्जापोटी लिहून दिलेले रोखे निरर्थक ठरविले. तरीही अश्वशर्यतींवरील मोठ्या रकमांच्या पैजा वाढतच गेल्या. १७८० पासून एप्सम येथे डर्बी शर्यत सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पैजांचे राष्ट्रीय केंद्र बनली.

१८४४ च्या डर्बीने या प्रश्नाची धार तीव्र केली. ती शर्यत 'रनिंग रेन' या नावाने धावलेल्या घोड्याने जिंकली. डर्बी ही केवळ तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. प्रत्यक्षात हा घोडा 'मॅकाबीअस' नावाचा चार वर्षांचा घोडा असल्याचे उघडकीस आले. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या 'ऑर्लँडो'चे मालक कर्नल पील यांच्याविरुद्धचा दावा न्यायालयात कोसळला आणि विजय ऑर्लँडोला मिळाला. त्याच वर्षी जुगाराच्या प्रश्नावर संसदेची समिती काम करीत होती. पुढील वर्षी, म्हणजे १८४५ मध्ये, गेमिंग ॲक्ट संमत झाला. या कायद्याच्या कलम १८ ने पैजेचे सर्व करार निरर्थक ठरविले आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा करण्यास मनाई केली.

या कलमामागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. पैज लावणे हा गुन्हा ठरविण्यात आला नव्हता. राज्यसंस्थेने केवळ आपले न्यायालय पैजेच्या सेवेतून काढून घेतले होते. वसुलीची हमी नाही म्हटल्यावर लोक उधारीवर मोठ्या पैजा लावणार नाहीत, अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा फारशी सफल झाली नाही. न्यायालयाची जागा शर्यतीच्या जगातील अंतर्गत शिस्तीने घेतली. लंडनमधील टॅटरसॉल्स येथे पैजांचे हिशेब चुकते केले जात आणि देणे बुडविणाऱ्याला शर्यतीच्या मैदानावर येण्यास मज्जाव होई. कायद्याने न मानलेले हे ऋण प्रतिष्ठेच्या बळावर वसूल होत राहिले. मात्र प्रतिष्ठेच्या बळाला मर्यादा होती. ज्याला मैदानावर परतावयाचे नव्हते, त्याच्या घरावर जप्ती आणणे कोणाच्याही हाती नव्हते.

२. फरकाचा व्यवहार : शेअर बाजार आणि मुंबईची अफू

स्प्रेड बेटिंगचा गाभा 'फरक' हा आहे. ठरलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांतील अंतराच्या प्रमाणात पैसे द्यावयाचे किंवा घ्यावयाचे, ही ती कल्पना. ही कल्पना शर्यतीच्या मैदानावर जन्मलेली नाही. तिचे मूळ बाजारात आहे. लंडनच्या शेअर बाजारात प्रत्यक्ष रोख्यांची देवघेव न करता केवळ भावातील फरक चुकता करण्याची प्रथा अठराव्या शतकातच रूढ झाली होती. १७३४ मध्ये सर जॉन बर्नार्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने अशा व्यवहारांना बंदी केली. तो कायदा १८६० मध्ये रद्द झाला. परंतु दरम्यान १८४५ चे कलम १८ अस्तित्वात आले होते. १८५१ मधील 'ग्राइझवुड विरुद्ध ब्लेन' या खटल्यात रेल्वेच्या शेअर्सवरील फरकाचा व्यवहार ही पैजच आहे, असे ठरले. मालाचा ताबा देण्याचा किंवा घेण्याचा उभयपक्षी इरादाच नसेल, तर तो व्यापार नव्हे, ही कसोटी यातून रुजली.

याच सुमारास मुंबईच्या व्यापाऱ्यांचा एक तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे पोहोचला होता. 'रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजुमनल धोंडमल' या नावाने तो कायद्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात पाटण्याच्या अफूला पेटीमागे सरासरी काय भाव येईल, यावर हा करार होता. ठरलेला भाव आणि प्रत्यक्ष सरासरी भाव यांतील फरक एका पक्षाने दुसऱ्यास द्यावयाचा होता. अफूची एकही पेटी हस्तांतरित होणार नव्हती. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही निर्देशांकावरील स्प्रेड बेटच होती. पैजेचा विषय एक सरासरी होती, कोणतीही वस्तू नव्हती, आणि देण्याची रक्कम निकालाच्या प्रमाणात बदलणारी होती.

१८४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला. १८४५ चा गेमिंग ॲक्ट हिंदुस्थानास लागू होत नाही. इंग्लंडच्या जुन्या सामान्य कायद्यानुसार हा करार अवैध नाही. त्यामुळे मुंबईत ही पैज वसूल करता येते, असा त्याचा आशय होता. ज्या वेळी लंडनमध्ये पैजेचे ऋण निरर्थक झाले होते, त्या वेळी मुंबईत मात्र ते न्यायालयातून वसूल होऊ शकत होते. ही विसंगती फार काळ टिकली नाही. त्याच वर्षी हिंदुस्थानसाठी १८४८ चा एकविसावा कायदा करून कलम १८ च्या धर्तीवरील तरतूद लागू करण्यात आली. मुंबई प्रांताने १८६५ च्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले आणि पैजेस साहाय्यभूत ठरणारे करारही निरर्थक केले. पुढे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० मध्ये हेच तत्त्व स्थिर झाले. त्या कलमात अश्वशर्यतीच्या विजेत्यास द्यावयाच्या ५०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या बक्षिसासाठी वर्गणी देण्याघेण्याच्या कराराला अपवाद करण्यात आला आहे. हा अपवाद बक्षिसापुरता आहे, शर्यतीवरील पैजेला तो लागू नाही.

३. सोन्याच्या भावापासून शर्यतीच्या मैदानापर्यंत

आधुनिक स्प्रेड बेटिंगचा प्रारंभ १९७४ मध्ये लंडनमध्ये झाला. स्टुअर्ट व्हीलर (१९३५–२०२०) यांनी 'आयजी इंडेक्स' ही कंपनी स्थापन केली. त्या काळात ब्रिटनमध्ये परकीय चलनावर नियंत्रणे होती आणि सर्वसाधारण गुंतवणूकदाराला सोन्यात थेट व्यवहार करणे अवघड होते. सोने विकत न घेता सोन्याच्या भावावर पैज लावण्याची सोय या कंपनीने केली. भाव वाढेल असे वाटणाऱ्याने 'खरेदी' करावयाची, उतरेल असे वाटणाऱ्याने 'विक्री' करावयाची आणि शेवटी केवळ फरक चुकता करावयाचा. कायद्याच्या नजरेत ही पैज असल्याने तिच्यातील नफ्यावर भांडवली नफा कर लागत नसे. १९८३ मध्ये 'सिटी इंडेक्स' ही दुसरी कंपनी या क्षेत्रात आली आणि शेअर निर्देशांकांवरील असे व्यवहार वाढले.

जी पद्धत सोन्याच्या भावाला लागू पडते, ती कोणत्याही मोजता येणाऱ्या गोष्टीला लागू पडते. १९९२ मध्ये कॉम्प्टन हेलियर यांनी 'स्पोर्टिंग इंडेक्स' ही केवळ क्रीडाप्रकारांसाठीची कंपनी स्थापन केली. १९९९ मध्ये 'स्प्रेडएक्स' सुरू झाली. क्रिकेटमधील धावा, फुटबॉलमधील गोलांची वेळ आणि अश्वशर्यतीतील अंतरे हे सर्व आता 'बाजार' बनले.

अश्वशर्यतीच्या बाबतीत आणखी एक कारण महत्त्वाचे होते. १९९० च्या दशकात मैदानाबाहेरील बेटिंग शॉपमध्ये पैज लावणाऱ्याकडून कराच्या नावाखाली टक्केवारीने रक्कम कापली जात असे. १९९६ नंतर ती साधारणतः ९ टक्के होती. स्प्रेड बेटिंगमध्ये कराचा भार कंपनीवर असल्याने ग्राहकाला अशी थेट कपात दिसत नसे. २००१ मध्ये बुकमेकरांवरील कर एकूण नफ्यावर आधारित झाल्यानंतर हा फरक उरला नाही.

४. कार्यपद्धती

पारंपरिक पैजेत प्रश्न एकच असतो : हा घोडा जिंकेल की नाही? बुकमेकरने १० ला १ असा भाव दिला आणि १० पौंड लावले, तर घोडा जिंकल्यास १०० पौंड मिळतात, हरल्यास १० पौंड जातात. घोडा नाकाच्या अंतराने हरला काय किंवा सर्वांत शेवटी आला काय, पैज लावणाऱ्याच्या दृष्टीने निकाल एकच. अमेरिकेत प्रचलित असलेली 'पॉइंट स्प्रेड' ही पद्धतही याच जातीची आहे. तिच्यात दुबळ्या संघास काही गुण आगाऊ दिले जातात, परंतु जिंकण्या-हरण्याची रक्कम ठरलेलीच असते. ब्रिटिश स्प्रेड बेटिंगचा तिच्याशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.

स्प्रेड बेटिंगमध्ये प्रश्न 'किती' हा असतो. कंपनी दोन आकडे जाहीर करते. खालचा आकडा हा विक्रीचा भाव, वरचा आकडा हा खरेदीचा भाव. या दोहोंमधील अंतर म्हणजे 'स्प्रेड'. ग्राहक प्रत्येक गुणामागे किती पौंड लावावयाचे ते ठरवितो. अश्वशर्यतींवर रूढ झालेले काही प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) शर्यतीचा निर्देशांक : या प्रकारात घोड्यांना क्रमानुसार गुण दिले जातात. पहिल्यास ५०, दुसऱ्यास २५ आणि तिसऱ्यास १० ही एक परिचित मांडणी आहे. बाकीच्या घोड्यांना शून्य. समजा, एका घोड्याचा भाव १८–२१ असा आहे. एका ग्राहकाने २१ ला खरेदी केली आणि गुणामागे ५ पौंड लावले. घोडा जिंकल्यास त्यास २९ गुणांचे १४५ पौंड मिळतील. दुसरा आल्यास ४ गुणांचे २० पौंड मिळतील. तिसरा आल्यास ११ गुणांचे ५५ पौंड जातील आणि त्याखाली आल्यास २१ गुणांचे १०५ पौंड जातील. दुसऱ्या ग्राहकाने त्याच घोड्याची १८ ला तितक्याच रकमेची विक्री केली असेल, तर घोडा पहिल्या तिघांत न आल्यास त्यास ९० पौंड मिळतील, परंतु जिंकल्यास १६० पौंड द्यावे लागतील. या दोघांचे व्यवहार समोरासमोर आले, तर निकाल काहीही लागो, मधल्या तीन गुणांचे १५ पौंड कंपनीकडे राहतात. स्प्रेडचे आर्थिक प्रयोजन हेच आहे.

(आ) विजयाची अंतरे : एका दिवसाच्या सर्व शर्यतींत पहिला घोडा दुसऱ्यापासून किती अंतराने पुढे राहिला, त्या अंतरांची ही बेरीज असते. अंतर घोड्याच्या 'लांबी'त मोजले जाते आणि डोके, मान अशा अल्प अंतरांना दशांशातील मूल्ये दिली जातात. समजा, सहा शर्यतींसाठी भाव १२–१३ आहे आणि निकाल अनुक्रमे १.५, ०.३, ४, २.२५, ०.५ आणि ६ लांबी असे लागले. बेरीज १४.५५ होते. १३ ला गुणामागे १० पौंडांची खरेदी करणाऱ्यास १५ पौंड ५० पेन्स मिळतात. १२ ला विकणाऱ्याचे २५ पौंड ५० पेन्स जातात. परंतु पहिल्या शर्यतीतील विजेता १.५ ऐवजी १० लांबीने जिंकला असता, तर विकणाऱ्याचा तोटा ११० पौंड ५० पेन्स झाला असता. अडथळ्यांच्या शर्यतींत थकलेले घोडे फार मागे पडतात, त्यामुळे तेथे ही बेरीज अधिक बेभरवशाची असते. म्हणूनच प्रत्येक शर्यतीसाठी अंतराची कमाल मर्यादा घालण्याचा प्रघात पडला.

(इ) फेव्हरिट निर्देशांक : प्रत्येक शर्यतीत ज्या घोड्याला सर्वाधिक पसंती आहे, तो पहिला आल्यास २५, दुसरा आल्यास १० आणि तिसरा आल्यास ५ गुण धरून दिवसभराची बेरीज केली जाते. समजा, सहा शर्यतींसाठी भाव ६२–६६ आहे आणि एकाने ६६ ला गुणामागे १० पौंडांची खरेदी केली. पहिल्या तीन शर्यतींत दोन फेव्हरिट जिंकले, तिसरा अपयशी ठरला. बेरीज ५० झाली आणि कंपनीने उरलेल्या शर्यती लक्षात घेऊन भाव ८०–८४ केला. या क्षणी ग्राहक ८० ला विक्री करून १४ गुणांचे १४० पौंड पदरात पाडून व्यवहार संपवू शकतो. निकालापूर्वी बाहेर पडण्याची ही सोय शेअर बाजारातून आलेली आहे आणि पारंपरिक पैजेपेक्षा तिचे आकर्षण अधिक आहे.

याच धर्तीवर एखाद्या जॉकीच्या दिवसभराच्या कामगिरीवर, विजेत्यांच्या अंतिम भावांच्या बेरजेवर, विजेत्यांच्या कार्डवरील क्रमांकांच्या बेरजेवर किंवा दोन घोड्यांमधील अंतरावरही पैजा घेतल्या जातात.

५. जोखमीचे स्वरूप

वरील उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. स्प्रेड बेटिंगमध्ये 'लावलेली रक्कम' आणि 'गमावण्याची रक्कम' या दोन वेगळ्या बाबी आहेत. गुणामागे १० पौंड लावणाऱ्याने आपण १० पौंडांची पैज लावली असे समजणे हा मूलभूत गैरसमज ठरतो. फेव्हरिट निर्देशांकात ६६ ला खरेदी करणाऱ्याचे सहाही फेव्हरिट अपयशी ठरले, तर त्याचा तोटा ६६० पौंड होतो. ६२ ला विकणाऱ्याच्या दृष्टीने सहाही फेव्हरिट जिंकले, तर बेरीज १५० होते आणि तोटा ८८० पौंडांवर जातो.

खरेदी आणि विक्री यांतील विषमताही येथे दिसते. खरेदी करणाऱ्याचा तोटा शून्याशी थांबतो, कारण बेरीज शून्याखाली जात नाही. विकणाऱ्याच्या तोट्याला मात्र निकालाइतकीच उंची असते. दुर्मिळ घटनाच विकणाऱ्याला बुडविते आणि दुर्मिळ घटना शर्यतीच्या मैदानावर घडतात. २८ सप्टेंबर १९९६ रोजी ॲस्कट येथे जॉकी फ्रँकी देत्तोरी यांनी दिवसातील सातही शर्यती जिंकल्या. या सात विजयांची एकत्रित शक्यता बुकमेकरांच्या भावांनुसार २५ हजारांस एक याहूनही कमी होती. विजयास २५ गुण या हिशेबाने अशा दिवसाची बेरीज १७५ होते. अशा दिवशी जॉकीचा निर्देशांक, उदाहरणादाखल, ६० ला गुणामागे १० पौंडांनी विकणाऱ्याला ११५० पौंड द्यावे लागले असते. जास्तीत जास्त लाभ मात्र ६०० पौंडांचाच होता.

म्हणूनच या व्यवहारात ग्राहकाची पत तपासणे, आगाऊ अनामत घेणे, तोट्याची कमाल मर्यादा ठरवून देणे अशा बाबी अपरिहार्य ठरल्या. बेटिंग शॉपमध्ये रोख पैसे टाकून चिठ्ठी घेणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत यांपैकी कशाचीही गरज नसे. शर्यतीवर पैज लावणारा मनुष्य येथे नकळत ऋणकोच्या भूमिकेत शिरतो. आता प्रश्न उरतो तो हे ऋण कायद्याने वसूल करता येते का, हा.

६. कायद्याचे उलटे वळण

१८४५ चे कलम १८ लागू राहिले असते, तर स्प्रेड बेटिंगचा धंदा केवळ ग्राहकाच्या सचोटीवर चालवावा लागला असता. मोठ्या तोट्याच्या प्रसंगी ग्राहक 'ही तर पैज होती' असे म्हणून हात वर करू शकला असता. ही अडचण दूर झाली ती शर्यतीच्या जगातील कोणत्याही मागणीमुळे नव्हे, तर लंडनच्या वित्तीय बाजाराच्या गरजेमुळे.

१९८० च्या दशकात निर्देशांकांवरील वायदे आणि अदलाबदलीचे करार मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्यांत प्रत्यक्ष मालाची देवघेव नसे, केवळ फरक चुकता होई. ग्राइझवुड खटल्याच्या कसोटीनुसार बँकांमधील असे करारही पैज ठरण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी १९८६ च्या फायनान्शियल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये कलम ६३ घालण्यात आले. व्यवसायाच्या ओघात केलेला गुंतवणुकीचा करार पैजेच्या कारणावरून निरर्थक ठरणार नाही, अशी ही तरतूद होती. 'गुंतवणूक' या संज्ञेत फरकाच्या करारांचा समावेश होता आणि त्याची व्याख्या इतकी व्यापक होती की, मालमत्तेच्या किमतीबरोबरच करारात नमूद केलेला कोणताही निर्देशांक किंवा अन्य घटक तिच्यात बसत असे.

या व्यापक शब्दयोजनेचा अर्थ 'सिटी इंडेक्स विरुद्ध लेस्ली' या खटल्यात स्पष्ट झाला. शेअर निर्देशांकांवरील स्प्रेड बेटिंगमध्ये हरलेल्या ग्राहकाने ही पैज असल्याने आपण देणे लागत नाही, असा बचाव घेतला होता. अपील न्यायालयाने १९९१ मध्ये तो अमान्य केला. ही पैज असली तरी ती कलम ६३ च्या कक्षेत येते आणि म्हणून वसूल करता येते, असा निर्णय झाला. दुसऱ्याच वर्षी स्पोर्टिंग इंडेक्सची स्थापना झाली, ही बाब कालक्रमाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. व्याख्येतील 'अन्य घटक' या शब्दांत घोड्यांची अंतरे आणि गुणांची बेरीजही सामावू शकत होती.

परिणामी एक विचित्र द्वैत निर्माण झाले. एकाच मैदानावरील एकाच शर्यतीवर बुकमेकरकडे उधारीने लावलेली पैज न्यायालयात निरर्थक होती, तर स्प्रेड बेटिंग कंपनीकडे लावलेली पैज पूर्णतः वसूलपात्र होती. पहिल्या पैजेवर जुगारविषयक कायद्यांचा अंमल होता, दुसरीवर वित्तीय सेवांच्या नियामकाचा. २००० च्या फायनान्शियल सर्व्हिसेस अँड मार्केट्स ॲक्टने हीच स्थिती पुढे चालू ठेवली. २०१३ पासून हे नियमन फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीकडे आहे. करआकारणीतही या द्वैताची छाया दिसते. वित्तीय स्प्रेड बेटिंगवर कंपनीला ३ टक्के, तर क्रीडाविषयक स्प्रेड बेटिंगवर १० टक्के शुल्क लावण्यात आले.

हे द्वैत २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टने अंशतः मिटविले. त्या कायद्याने १८४५ चे कलम १८ रद्द केले आणि १ सप्टेंबर २००७ पासून ब्रिटनमध्ये पैजेचा करार केवळ पैज म्हणून निरर्थक राहिला नाही. स्प्रेड बेटिंग मात्र या कायद्यातील 'बेटिंग'च्या व्याख्येतून वगळून वित्तीय नियामकाकडेच ठेवण्यात आले. अपवाद म्हणून सुरू झालेली गोष्ट दोन दशकांत नियम बनली होती. क्रीडाविषयक स्प्रेड बेटिंगचे क्षेत्र मात्र पुढे आकुंचित होत गेले. २००० मध्ये सुरू झालेल्या बेटफेअरसारख्या पैजांच्या विनिमय केंद्रांनी 'विक्री'ची सोय मर्यादित जोखमीसह देऊ केली. २०२३ मध्ये स्प्रेडएक्सने स्पोर्टिंग इंडेक्सचा व्यवसाय विकत घेतला, तेव्हा ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला त्याची चौकशी करावी लागली.

७. भारतीय कायद्याशी तुलना

ब्रिटनमध्ये मूळ कलम रद्द झाले, तरी त्याचे अपत्य भारतात टिकून आहे. करार कायद्याचे कलम ३० आजही पैजेचा करार निरर्थक मानते. 'घेरुलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया' (१९५९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा करार निरर्थक असला तरी बेकायदेशीर किंवा अनैतिक नाही, असे स्पष्ट केले. १८६५ च्या कायद्यामुळे मुंबई प्रांतातील स्थिती याहून कठोर राहिली. १९१२ च्या कायद्याने मुंबईतील रेसकोर्सना परवाना पद्धत लागू झाली आणि १९९६ मध्ये 'के. आर. लक्ष्मणन' खटल्यात अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तथापि शर्यतीवरील पैज दंडनीय नसणे आणि तिचे ऋण वसूलपात्र असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही.

फरकाच्या करारांचा प्रश्न भारतातही वित्तीय बाजारामुळेच पुढे आला. १९९९ च्या दुरुस्तीने रोखे करार कायद्यात कलम १८अ घालण्यात आले आणि डेरिव्हेटिव्ह करारांना वैधता मिळाली. मात्र ही वैधता मान्यताप्राप्त शेअर बाजारातील व्यवहारांशी जोडण्यात आली. ब्रिटनच्या कलम ६३ मधील 'अन्य घटक' यासारखी मोकळी वाट येथे नव्हती. त्यामुळे अश्वशर्यतीच्या अंतरांना वित्तीय करारांच्या दारातून प्रवेश मिळाला नाही. एकाच मूळ कलमातून निघालेल्या दोन कायदेपरंपरांचे मार्ग एका व्याख्येच्या व्याप्तीमुळे वेगळे झाले.

समारोप

अश्वशर्यतींवरील स्प्रेड बेटिंगचा इतिहास पाहता तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, ही पद्धत शर्यतीच्या मैदानावर विकसित झालेली नसून बाजारातील फरकाच्या व्यवहारातून तेथे आली. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा अफूवरील करार हे तिचे एक पूर्वरूप होते. दुसरा, तिच्यामुळे पैजेच्या गणितात 'जय की पराजय' याऐवजी 'किती' हा प्रश्न आला आणि त्याबरोबर तोट्याची पूर्वनिश्चित मर्यादा नाहीशी झाली. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, बँकांच्या सोयीसाठी केलेल्या तरतुदीमुळे पैजेचे ऋण पुन्हा न्यायालयाच्या कक्षेत आले.

१८४५ च्या संसदेने पैज थांबविली नव्हती, परंतु हरलेल्या मनुष्याच्या घराच्या दारापर्यंत न्यायालयाचा बेलिफ पोहोचू दिला नव्हता. ज्या प्रकारच्या पैजेत हरण्याची रक्कम आधी सांगता येत नाही, नेमक्या त्याच प्रकारच्या पैजेसाठी ते दार प्रथम उघडले गेले. करारस्वातंत्र्य आणि दुर्बल पक्षाचे संरक्षण यांतील तोल कायद्याने कसा साधावा, या प्रश्नाच्या अभ्यासकाला हे उदाहरण म्हणूनच उद्बोधक वाटावे. एका क्षेत्रासाठी लिहिलेले दोन शब्द दुसऱ्या क्षेत्रातील माणसाच्या डोक्यावर कर्जाचा बोजा कसा ठेवू शकतात, हे त्यातून दिसून येते.